दस्तीची दोन टोकं

तो बदनापूरचा, सकाळच्या गाडीनं यायचा. मी मस्तगडची, सायकलवर. नव्वद सालाच्या आसपास जालन्यात चाकाच्या बुटांवर गिरक्या घेणारे कॉलेजातले आम्ही दोघंच, आणि आमचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. जुन्या जालन्यात एका बंद गोदामामागं सिमेंटची फरशी होती, तिथं स्केटिंगचे सर शिकवायचे. मी गिरकी घेतली की हा ओरडणारच, "गिरकी घेऊन राह्यली का दळण दळून राह्यली?" मी म्हणायची, "तू आधी सरळ उभा राह्य, मंग बोल." मेल्याची गिरकी माझ्यापेक्षा चांगली होती, हे कबूल करायला जिवावर यायचं.

औरंगाबादच्या विभागीय स्पर्धेत सरांनी आम्हाला जोडी म्हणून उतरवलं. एकेकट्यानं तिथल्या पोरांपुढं आमचा निभाव लागला नसता. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच अट घातली: त्या पोराचा हात माझ्या हाताला लागता कामा नये. बिलकुल नाही. सरांनी त्यावर तोड काढली. खिशातली दस्ती काढली, आमच्याकडं मोठ्या रुमालाला दस्ती म्हणतात, आणि एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं त्याच्या.

उन्हाळाभर आम्ही तशीच जोडी बसवली. कापड ताणलं की वळायचं, ढिलं पडलं की जवळ यायचं. एकदा मी घसरले. त्याला टोक सोडता आलं असतं. सोडलं नाही, माझ्यामागं फरफटत आला, कोपर सोलून घेतलं.

"येडा हायेस का? सोडायचं ना!"

"सोडलं असतं तर डोक्यावर पडली असतीस."

त्या दिवशी घरी जाऊन मी ढसाढसा रडले. प्रेमात पडले होते, दुसरं काय! पुढं त्यानंच सांगितलं, "तुझ्याशी भांडल्याबिगर करमत न्हाई मला." मला हसावं की मरावं कळेना.

तेवढ्यात घरी स्थळ आलं. दादा म्हणाले, तुझी ती स्पर्धा होऊन जाऊ दे, मंग पाहुण्यांना बोलावतो. जिंकलो तर पुण्याची राज्य स्पर्धा होती, म्हणजे आणखी काही महिने तो रोज समोर. हरलो की सगळं संपलं. जात वेगळी, घरात तोंड उघडायची सोय नव्हती. मला बक्षीस नको होतं हो, ते महिने पाहिजे होते. त्यासाठी मी देवालासुद्धा सोडलं नाही.

स्पर्धेत आमची पाळी आली आणि परीक्षक बाई म्हणाल्या, "हा रुमाल कशाला? हात धरा, नाहीतर बाहेर व्हा." सर धावत दादांकडं गेले, हात जोडले. पहिल्या रांगेतून दादांनी मान हलवली. न्हाई.

"मी बाजूला होतो," तो हळूच म्हणाला. "तुला घरी त्रास होईल."

"गप. हात दे."

त्याचा तळवा घामानं ओला होता. पहिल्यांदाच धरला मी तो हात. आणि तिथंच घात झाला. एवढे दिवस आमच्यामध्ये दस्तीएवढं अंतर होतं, पावलं त्या अंतराची होती. हातात हात घेतला आणि आम्ही फार जवळ आलो. पहिल्याच वळणावर त्याचं चाक माझ्या चाकात गेलं, दोघं धाडकन आपटलो. माझं मनगट अंगाखाली आलं.

उठायचं कुणाला सुचलं नाही. हात तसेच हातात. दादा चपला घालून फरशीवर आले.

"हात सोड."

"न्हाई," मी म्हणाले. दादांना मी आयुष्यात तेव्हाच नाही म्हटलं.

ते खाली बसले आणि माझं एकेक बोट सोडवायला लागले. मी किंचाळले, तरी धरून ठेवलं. तर हा म्हणाला, "काका, थांबा. तिचं मनगट दुखावलंय. मी सोडतो." आणि सोडला.

पुढच्या रविवारी पाहुणे आले. आता माझी लेकरं मोठी झालीत, मनगट कधीच बरं झालं. पण त्याच्या त्या शहाणपणाचा राग काही केल्या जात नाही. हात मोडत होता तर मोडू द्यायचा होता.