तिच्या अक्षरात माझा पेपर

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. माझ्या माहेरी बालाजीचं नाव घेतल्याशिवाय सकाळी चूल पेटत नसे. पण यजमानांना अर्धांगवायू झाला आणि दुसराच एक प्रश्न मनात ठाण मांडून बसला. तो आहे, हे खरं. पण त्याचं आपल्याकडे लक्ष आहे का? हा प्रश्न मी कोणाजवळ बोलले नाही. रोज दिवा लावायची, हात जोडायची आणि मनात म्हणायची, बघतोयस ना?

यजमान गावच्या सहकारी सोसायटीत हिशेब लिहायचे. एका सकाळी अंघोळीला बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली, वाचाही जवळजवळ गेली. मी मॅट्रिक होते म्हणून सोसायटीच्या पंचांनी त्यांच्या जागी मला तात्पुरतं घेतलं. अध्यक्ष भला माणूस होता, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की बी.कॉम. झालात तरच जागा कायम होईल, नाहीतर दुसऱ्याला द्यावी लागेल. घरात तेवढाच आधार होता. तिशी उलटलेली मी वाशीमच्या कॉलेजात नाव घालून आले, तेव्हा सासरे ओट्यावरून म्हणाले, "सूनबाई, या वयात कालेजात जाऊन काय करता? लोकं हासतीन." लोक हसलेच. वर्गातली पोरं मला काकू म्हणायची आणि मागच्या बाकावर माझ्यासाठी जागा सोडायची. पण पुढे सासऱ्यांनीच मला पहाटे पॅसेंजरवर सोडायला यायला सुरुवात केली. कंदील घेऊन पुढे चालायचे.

अभ्यास मी यजमानांच्या खाटेशी बसून करत असे. त्यांना अक्षरं नीट दिसत नव्हती, म्हणून सगळं मोठ्याने बोलायचं. ही रक्कम जमेला का, ती नावे का, घसारा कुठे वजा करायचा. चुकलं की ते डाव्या हाताने खाटेच्या पाटीवर ठोकायचे. बरोबर असलं की डोळे मिटायचे. चार वर्षं माझं सगळं शिक्षण असं बोलून बोलून झालं. त्याचा पुढे काय उपयोग होणार आहे, हे तेव्हा मला कळणं शक्य नव्हतं.

शेवटच्या वर्षाची परीक्षा एप्रिलमध्ये होती. बाकीचे पेपर बरे गेले होते. उरला होता हिशेबशास्त्राचा, आणि त्याचीच मला धास्ती होती. लग्नसराई असल्यामुळे गाडी भरलेली होती. वाशीम आलं. मी दाराची चौकट धरून खाली उतरत होते, तेवढ्यात गाडीला हिसका बसला आणि ते जड दार माझ्या उजव्या हातावर येऊन आदळलं. ओरडले की नाही, आठवत नाही. एवढंच आठवतं की फलाटावर उभी होते, बोटांकडे बघत होते आणि ती माझी वाटत नव्हती.

टांग्याने दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी दोन बोटांची हाडं मोडल्याचं सांगून पंजाला फळी बांधली. मी विचारलं, "लिहिता येईल का?" ते म्हणाले, "बाई, महिनाभर चमचाही धरता येणार नाही. पेपर पुढच्या वर्षी द्या." त्यांना काय माहीत, पुढचं वर्ष नावाची वस्तू माझ्याकडे नव्हती. त्यांच्याच टेबलावर डाव्या हाताने माझं नाव लिहून पाहिलं. बालवाडीतल्या पोराने काढावं तसं ते निघालं. मग चिठ्ठी मागून घेतली आणि कॉलेजकडे धावले.

केंद्रप्रमुखांनी चिठ्ठी वाचली, माझ्या हाताकडे पाहिलं. ते मनाने कठोर नव्हते. म्हणाले, "लेखनिक आणा, मी माझ्या जबाबदारीवर बसवतो. विद्यापीठाला नंतर कळवीन. मात्र तो या विषयाचा नको, पदवीधर नको. आणि पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला की मला कोणालाच आत घेता येत नाही."

वाशीमला माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. कॉलेजसमोरच्या गल्लीत शिरले. पहिल्या घराला कुलूप होतं. दुसऱ्या घरातली बाई म्हणाली, "आमची पोरगी मामाच्या गावाले गेली वो." तिसऱ्या घरातल्या माणसाने माझं बोलणं पूर्ण होण्याआधीच मान हलवली. परत येते तोवर पेपरची घंटा वाजली. आत बाकं सरकल्याचा आवाज आला, मग सगळं शांत झालं. मी फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली मटकन बसले. हात असा ठणकत होता की प्रत्येक ठोका डोक्यात पडत होता. घरी खाटेवर पडून वाट बघणारा माणूस डोळ्यांपुढे आला. मी देवाला नवस बोलले नाही, विनवणीही केली नाही. मनात एवढंच म्हणाले, माझ्याच्याने होतं ते मी केलं, आता माझ्याकडे काही उरलं नाही. तुला काय करायचं ते कर. खरं सांगते, त्यात भक्तीपेक्षा राग जास्त होता.

"काहून बसल्या वो बाई अशा? चक्कर आली का?"

वर पाहिलं तर पांढऱ्या साडीतली, खांद्याला पिशवी लावलेली एक बाई उभी होती. माझ्याच वयाची असेल. डोळे जागरणाने तांबारलेले. ती मानोऱ्याकडच्या एका गावात नर्स होती. अडलेली बाळंतीण घेऊन आदल्या दिवशी वाशीमला आली होती. बाई सुटली, आणि ही आता स्टँडवर गेली तर बस निघून गेलेली. पुढच्या बसला वेळ होता म्हणून सावली बघत रस्त्याने चालली होती. हे सगळं तिने आत जाताजाता सांगितलं. त्या वेळी मी फक्त बांधलेला हात दाखवला आणि तुटक तुटक सांगितलं. तिने पट्टी चाचपून पाहिली, नीट बांधली आहे की नाही याची खात्री केली आणि मग विचारलं, "लिवणारा कसा पाह्यजे?"

"पदवीधर नको. हिशेब शिकलेला नको."

"मंग झालं तर. मी मॅट्रिक हाओ. हिशेबातलं मले काईच समजत नाई. अक्षर मातर चांगलं हाये माहं." तिने पिशवी खांद्यावर सरकवली. "चाला. उठा."

आम्ही आत पोचलो तेव्हा केंद्रप्रमुख घड्याळाकडेच बघत होते. त्यांनी तिची सही घेतली आणि आम्हाला टोकाच्या एका लहान खोलीत बसवलं. एक पर्यवेक्षक समोर बसले. मी प्रश्नपत्रिका वाचली आणि भराभर बोलायला लागले. तिचा हात मागे पडला. मी आणखी घाई केली, तिने खाडाखोड केली, मी जवळजवळ रडकुंडीला आले. तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. "बाई, हळू सांगा. बाळंतिणीनं घाई केली का मी तिलेही हेच सांगतो. एक कळ, मंग दम घ्या, मंग दुसरी."

मी दम घेतला. डोळे मिटले. आणि मला खाट दिसली, खाटेच्या पाटीवर ठेवलेला यजमानांचा डावा हात दिसला. मी त्यांना सांगते आहे असं समजून बोलू लागले. डावीकडे हे लिहा, त्याच्यासमोर ही रक्कम, आता खाली रेघ ओढा. आवाज आपोआप घरचा झाला. चार वर्षं मी हेच तर करत आले होते. इतर मुलं लिहायला शिकली होती, मी सांगायला शिकले होते. पण त्यावर थांबून विचार करायला वेळ नव्हता.

शेवटून दुसऱ्या प्रश्नात ताळेबंद जुळेना. दोन्ही बाजूंत फरक येत होता. घरी असते तर कागद फाडून पहिल्यापासून मांडलं असतं. एरवी मी असा प्रश्न सोडणारी नव्हते. जुळल्याशिवाय पाणी पीत नसे. नजर वरून खाली, खालून वर फिरवत राहिले. घाम डोळ्यांत उतरत होता. पर्यवेक्षक म्हणाले, "वेळ थोडाच आहे." शेजारी ती बाई, रात्रभर उभी राहून एक जीव या जगात आणलेली, मान मोडून माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत होती. तिचं बोट शाईने माखलं होतं. आणि माझ्या आत कुठेतरी घट्ट आवळलेली मूठ सुटली. मी म्हणाले, "राहू द्या. नाही जुळत. पुढचा प्रश्न घ्या." तिने पान उलटलं. तो प्रश्न आम्ही घंटेच्या आत पुरा केला.

बाहेर आलो तर ती उन्हाकडे बघून म्हणाली, "दुसरी बस तरी सापडली पाह्यजे आता," आणि झपाझप निघून गेली. मी तिचं नावही विचारलं नव्हतं. घरी गेले तेव्हा यजमानांनी माझ्या हाताकडे पाहिलं, त्यांचे डोळे भरून आले. मग मोठ्या कष्टाने एक शब्द काढला, "जुळलं?" मी नाही म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

निकालापर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. पंचांची बैठक जवळ येत होती. माझ्या जागेवर कोण येणार, त्याचं नावही गावात ऐकू येत होतं. निकालाचा पेपर सासरे स्टेशनवरून घेऊन आले. त्यांना माझा नंबर ठाऊक होता. ओट्यावर उभ्याउभ्याच म्हणाले, "हाये. तुमचा नंबर हाये." आणि तोंड फिरवून गोठ्यात निघून गेले.

जागा कायम झाली. त्यानंतर केंद्रप्रमुखांकडून त्या बाईंचं नाव, गाव घेतलं. शेवंताबाई. वाशीमच्या बालाजीला पेढे ठेवले आणि तोच प्रसाद घेऊन मी मानोऱ्याकडे गेले. शेवंताबाई दवाखान्याच्या ओसरीत एका तान्ह्या मुलाला तागडीत घालून त्याचं वजन करत होत्या. मला ओळखून हसल्या. मी पुडा पुढे केला. म्हणाले, "बाई, त्या दिवशी बालाजीनेच तुम्हाला माझ्याकडे पाठवलं."

त्यांनी मूल आईच्या मांडीवर दिलं, हात पुसले. "बाई, आमी बौद्ध हाओत. देव मानत नाई आमी. मले कोणी पाठोलं नाई. माही बस चुकली, तुमी दिसल्या, अन् मले वाटलं का इथून पुढं जावं तर जीवाले लागन. मी माह्या पायानं आली." बोलण्यात कडवटपणा नव्हता, फक्त खरेपणा होता. मग माझा चेहरा पाहून त्यांनी पुड्यातला एक पेढा उचलला. "पेढा खातो मी. तुमी पास झाल्या म्हणून खातो."

परतीच्या बसमध्ये आधी मन थोडं खट्टू झालं. मी ज्याच्या कृपेचा पुरावा म्हणून त्यांना जपत होते, त्याची कृपा घ्यायलाच त्या तयार नव्हत्या. पण बस मंगरूळच्या पुढे गेली तेव्हा वाटलं, त्या बोलल्या त्यात माझं काय गेलं? थकलेल्या पायांनी, कोणाच्या सांगण्याशिवाय, त्या माझ्यापाशी थांबल्या. त्यांचं थांबणं त्यांचंच होतं. माझ्या देवाचं नाव त्यावर लिहायचा मला काय अधिकार? आणि तरीही मला जे मिळालं त्याला कृपेखेरीज दुसरा शब्द माझ्याजवळ नाही. या दोन गोष्टी एकमेकींशी भांडत नाहीत, हे मला हळूहळू उमगत गेलं.

शरण जाणं म्हणजे हातपाय गाळणं, असं मी समजत होते. तसं नव्हतं. आपलं काम पूर्ण जीव ओतून करायचं, आणि जिथे आपला हात थांबतो तिथून पुढचं दुसऱ्याच्या हाती निर्धास्त द्यायचं, न जुळलेल्या गोष्टींसकट.

त्या संध्याकाळी वाशीमला गाडीला अवकाश होता म्हणून पुन्हा देवळात गेले. आरती चालू होती. एरवी मी यजमानांचं नाव घेते, मग सासऱ्यांचं. त्या दिवशी पहिल्यांदा शेवंताबाईंचं नाव घेतलं. त्यांना ते चाललं असतं की नाही, कोण जाणे. पण माझं मन भरून आलं होतं, आणि ते रितं करायला मला तेवढी एकच जागा माहीत होती.