सड्यावरचा कौल

बांधकामाचे चिरे कापायचं मशीन सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळमाळावर, चढलेलं मी लांबूनच पाहिलं आणि गाडी रस्त्यातच सोडून धावत सुटले. तो कातळ माझ्या चुलतभावाचा. त्यावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी कोरून ठेवलेलं एक भलंमोठं जनावर आहे. त्याचे पाय, पोट आणि पाठ आम्ही चार-पाच जणांनी उघडी केली होती, नोकऱ्या सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, खराटे, ब्रश आणि पाण्याच्या कळशा घेऊन. मानेपासून पुढचा भाग अजून मातीगवताखाली होता. वाघ, डुक्कर, की आता या मुलखात उरलेलंच नाही असं काही, यावरून आमची भांडणं व्हायची.

भाऊ मशीनवाल्याबरोबर चहा पीत उभा होता. मी सरळ जाऊन मशीनपुढे बसकण मारली.

"ताई, ऊठ तितून. उगाच तमाशा नको," तो म्हणाला. "जमीन माजी हाय."

जमीन त्याचीच होती. सातबाऱ्यावर माझं नाव नाही, आणि कातळाच्या संरक्षणाचा आमचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर पडून होता. तीन-चार जणांना फोन लावले, पण सुट्टीच्या दिवशी कोण उचलतंय! मशीनवाल्याने पेला खाली ठेवला आणि वर चढून मशीन सुरू केलं. मला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच जास्त राग येत होता.

"आईला विचारलंस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

बोलून मीच चपापले. आई म्हणजे आमची ग्रामदेवता, आणि तिच्या कौलाची मी जन्मभर टिंगल केलेली. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आणि त्या जोरावर सोयरिकी मोडायच्या! पण आमच्या गावात साधी विहीरसुद्धा आईला न विचारता कोणी खणत नाही. भाऊ मुंबईत इतकी वर्षं राहून आलेला. त्याने विचारलं नव्हतं, हे त्याचा चेहराच सांगत होता. त्याने मशीन बंद करायला लावलं.

देवळात गुरवाने पाकळ्या लावल्या. मानकरी भिंतीला टेकून बसले होते. "आई, कातळ फोडायचा असंल तर उजवा दे," गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "हाय तसा ठेवायचा असंल तर डावा दे."

कितीतरी वेळ काहीच हललं नाही. मग उजवी पाकळी किंचित घसरली आणि तिथेच अडकली. मी खांब धरून उभी होते आणि मनातल्या मनात आईला काय काय कबूल करत होते, ते इथे लिहिणार नाही.

डावी पडली.

भावाने मुकाट्याने हात जोडले. बाहेर जाऊन मशीनवाल्याला काय ते सांगितलं, आणि थोड्या वेळाने मशीन हातखंब्याच्या दिशेने जाताना ऐकू आलं. मला इतका आनंद झाला की मी गुरवाच्या पायाच पडले. "पुढच्या रविवारी येतो आम्ही," मी म्हटलं, "राहिलेली माती काढायला."

गुरव तबक पुसत होता. "माती कशी काढणार आता, बाय? हाय तसा ठेवायचा, आईन सांगितलान ना."

मी समजावलं, की आम्ही फोडत नाही, नुसतं झाडतो. मानकऱ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. मग पुन्हा विचारा, मी म्हटलं. दिलेला कौल परत मागत नाहीत, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी मी हुज्जत घालतच होते. माझा आवाज चढला.

"ताई," भाऊ दारातून म्हणाला, "माज्या पोटावर पाय दिलान तवा आई खरी, नि तुज्या आड आली की खोटी?"

त्याचं नुकसान झालं होतं आणि तो ते गिळून उभा होता. मला ते तेवढंही जमत नव्हतं, याची लाज वाटली.

आम्ही दोघं पायऱ्या उतरलो. खाली चपला घालता घालता तो थांबला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता.

"पण ताई, कसला जनावर होता गो ता?"

मला सांगता आलं नाही.