घर उंच व्हायलंय म्हणणारी अक्का

अन्याय झाला तो आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या अक्कावर. तुरी काढायच्या ऐन दिवसांत, सोमवारी, सूर्य डोक्यावर असताना, ठाणाकुशनूरच्या वाटेवर. हे आधीच सांगतो, कारण गावात आता "अक्का पडली" असं म्हणतात. अक्का पडली नाही. तिला पाडलं.

चाळणी अडकवायला ती टाचा उचलून हात वर करायची, आणि खुंटी चार बोटं वरच राहायची. मग म्हणायची, "घर उंच व्हायलंय बघ." खुंटी तीच, लग्न होऊन आली तेव्हा तिनंच ठोकलेली. मी हसलो की विचारायची, "कामून हसायलास? वीतभर तरी चढलंय." घर होतं तिथंच होतं. अक्का आखडत चालली होती. पाठीला बाक आलेला, बरगड्या कंबरेला टेकायच्या तेवढ्या राहिलेल्या.

अशी एखादी तुम्हीही पाहिली असेल, आणि माझ्यासारखंच हसून सोडून दिलं असेल.

मागच्या दिवाळीला नुसती परात उचलताना तिचं मनगट मोडलं. हाड बसवणाऱ्या अण्णानं कामट्या बांधल्या आणि मला बाजूला घेतलं. "वाळवी लागलेलं लाकूड वरून चांगलंच दिसतंय. म्हातारपणी बायांचं हाड तसंच होतंय. हिच्या डोक्यावर भार देऊ नका." मी व्हय म्हणालो.

आता वेठीचं. सरकारी साहेबाचा दौरा आला की पाळीच्या घरानं एक माणूस द्यायचं, फुकट. आणि आपली रीत काय? धडधाकट हात रानात, म्हातारी माणसं वेठीला. त्या सोमवारी पाळी आमच्या घराची होती. मी गुलबर्ग्याला, वेठ बंद करा अशी पत्रकं छापून आणायला. आई तुरीत. अक्का आईला म्हणाली, "तुझं पोरगं चांगल्या कामाला गेलंय. तुमच्या बदली मी जाते. एक घागर तर न्यायची."

पितळी घागर, साहेबाच्या घोड्यांसाठी. अर्ध्या वाटेत तिनं ती उतरवली आणि कंबर धरून बसली. वेठीवर नेणाऱ्या शिपायानं काठी तिच्या कुशीत खुपसली. ती उठली, तशी ढकलली. आई बांधापलीकडून बघत होती. ती सांगते, वाळली तुराटी मोडावी तसा आवाज आला. खुबा गेला होता. मग त्यानं हाताला धरून ओढलं, दंडही गेला. पाणी सांडलं म्हणून वर लाथ.

"जरा हात लगाया, बस," तो म्हणाला. "बुढ्ढी की हड्डीच कच्ची है."

गावानं तेच उचललं. हाड कच्चं, त्याला कोण काय करणार? अरे, कच्चं होतं हे मला ठाऊक होतं. अण्णाला ठाऊक होतं. हाड कच्चं असणं हा अक्काचा गुन्हा नव्हे. त्या हाडावर घागर आपण चढवली, काठी त्यानं मारली.

मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन पोचलो तेव्हा ती बाजेवर होती. "आणलास व्हय? वाच की." मी गठ्ठा खाली ठेवला. खुंटी उपटली आणि बाजेशेजारी, तिचा हात पुरेल अशी ठोकली. तिनं बऱ्या हातानं चाचपली. "आता बरोबर हाय. घर खाली आलं."

खळी उरकायच्या आत अक्का गेली.

हे वाचून झालं की घरी जा. तुमच्या म्हातारीला तिच्या खुंटीपाशी उभी करा आणि हात पोहोचतो का बघा. आणि वेठीला माणूस मागायला शिपाई आला, की आत म्हातारीला हाक मारू नका. दारात तुम्ही उभे राहा. कुणालाही देऊ नका.