मिश्रीचा चट्टा आणि तीन नळ्या

रोह्याची मुलगी मुंबईच्या प्रयोगशाळेत संशोधन करते याचं घरी भारी कौतुक. पण मी लोकांच्या तोंडातले तुकडे गोळा करते हे कळल्यावर जेवताना तो विषय बंद झाला! नव्वदच्या दशकातली गोष्ट. तंबाखूने तोंडात पांढरे चट्टे पडतात, त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. पेशींचा बचाव करणारी अँटिऑक्सिडंट द्रव्यं चट्ट्यात किती असतात आणि कॅन्सरच्या गाठीत किती, हे मला मोजायचं होतं.

पेणला रामवाडीत दातांच्या डॉक्टर होत्या एक, त्या मदतीला तयार झाल्या. त्यांच्याकडे मिठागरावर काम करणारी एक बाई आली. वर्षानुवर्षं दातांना मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड लावणारी, गालात पांढरा चट्टा. तपासणीसाठी डॉक्टर तुकडा काढणारच होत्या; त्यातला कणभर मी मागितला.

"माझ्या तोंडातला तुकडा नेऊन काय करशील गो?"

"त्यात झुंजायची ताकद किती हाय ते बघीन."

"मंग काय दिसंल ते मला येऊन सांगायचं. नायतर देनार नाय."

बर्फाचा थर्मास मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. शेजारच्या काकांनी विचारलं, "कुल्फी हाय का?" मी बिनदिक्कत "व्हय" म्हणाले.

प्रयोगशाळेत तीन नळ्या मांडल्या. एकीत निरोगी तोंडातला तुकडा, एकीत त्या बाईंचा, एकीत एका रुग्णाच्या गाठीचा. औषध घातलं की पिवळा रंग चढतो; द्रव्य जास्त तितका गडद. बाईंची नळी निरोगीपेक्षा फिकी निघाली. तेवढं वाटलंच होतं. पण गाठीची नळी सगळ्यांत गडद! म्हणजे बचावाची ताकद गाठीनेच बळकावली की काय? मी धावत माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले.

"काहीतरी चुकलं असेल. परत कर," सर म्हणाले.

परत केलं. तेच! या वेळी सर स्वतःच खुर्ची ओढून नळ्यांसमोर बसले.

त्याच आठवड्यात मी पेणला गेले. डॉक्टरांकडे रिपोर्ट आला होता: कॅन्सर नाही, पण वाट तिकडचीच. मी बाईंना सगळं सांगितलं.

"म्हंजे अजून हातातनं गेलं नाय?"

"नाय गेलं. पण मिश्री सोडायला लागंल."

त्यांनी सोडली, डॉक्टर म्हणतात, फार चिडचिड करत सोडली. पुढे चट्टा जवळजवळ विरला. मी पुढच्या खेपेला दवाखान्यात शिरले, तर बाकावर त्यांच्या गावच्या बायका दाटीवाटीने बसलेल्या. बाई त्यांना दटावत होत्या, "लाजताय काय, तोंडं उघडा!"