अकराची वाटी

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले, तेव्हा डॉक्टरांनी मूठ वळून मला दाखवली. "तुमचं पोट आता एवढं उरलंय," ते म्हणाले. मी त्या मुठीकडे बघतच राहिले. मला अल्सर होता, रक्ताची उलटी झाली म्हणून भिसेगावाहून उचलून मुंबईला आणलं होतं, हे सगळं मला ठाऊक होतं. पण डॉक्टर पोट दुरुस्त करतात, अशी माझी समजूत. ते कापून काढतात, आणि चारातले तीन हिस्से काढतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या ह्यांना सांगितलं होतं. ह्यांनी सहीसुद्धा केली होती. मी विचारलं, तर म्हणाले, "तू घाबरली असतीस." जसं काही आता मी हसत होते!

निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवसातून सहा वेळा खायचं, एका वेळी एकच वाटी. प्रत्येक घास चावून चावून त्याचं पाणी करायचं. आणि एक कागद दिला होता, काय खायचं नाही त्याचा. तो इंग्रजीत होता. ह्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि खालापूरच्या कचेरीत नेला, तिथल्या साहेबाकडून वाचून घेतो म्हणाले. साहेब बदलून गेले, दुसरे आले, कागद खिशातच राहिला.

मी नेरळची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. पण भिसेगावच्या त्या शेतकरी घरात माझ्या मॅट्रिकला विचारतंय कोण? घरात आम्ही चौघं. हे सकाळच्या एस. टी.ने खालापूरला जायचे. सासरे शेतावरून बारा-साडेबाराला यायचे. आधी देवाला नैवेद्य, मग सासऱ्यांचं ताट, मग गडीमाणसं, मग आवराआवर. सासूबाई आणि मी जेवायला बसायचो तेव्हा तीन वाजून गेलेले असायचे. कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण सासरा उपाशी असताना सून वाटी घेऊन बसलीय, हे चित्रच कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हतं, माझ्याही नाही. म्हणून डॉक्टरांच्या सहा वेळांच्या मी मुकाट्याने दोन केल्या. तीन वाजता भूक अनावर व्हायची. मी भराभरा चार घास गिळायचे आणि भात छातीखाली अडून बसायचा. पुढे जाईना, मागे येईना. मग परसात जाऊन ओकायचं. साध्या भाताने माझ्याशी असं वागावं? ज्या भातावर मी वाढले, तो वैऱ्यासारखा अडून बसतो, यावर माझा आधी विश्वासच बसेना.

सासूबाईंना मात्र माझी काळजी होती. आजाऱ्याला काय द्यायचं, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. साबुदाण्याची खीर. हलकी, पांढरी, पोटाला थंड. सकाळी आठ वाजता पेलाभर खीर, वर साखर सढळ हाताने, कारण सून अशक्त. मी प्यायले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे; त्यांनी एवढ्या मायेने पुढे केलेला पेला कोण नाकारणार?

अर्ध्या तासात माझं काळीज असं धडधडायला लागलं की मला वाटलं, आता हे छाती फोडून बाहेर येणार. अंगाला दरदरून घाम फुटला. पोटात मुरडा, डोळ्यांपुढे काळोख. मी पडवीत आडवी झाले.

"अगं बाय! घाम बघ किती आलाय. ताकद नाय पोरीत," असं म्हणत सासूबाई धावल्या आणि त्यांनी मला साखरपाणी पाजलं.

पुन्हा तेच, दुप्पट जोराने. संध्याकाळी त्यांनी माझ्यावरून मीठमिरची ओवाळली आणि दुसऱ्या दिवशी खिरीत एक पळी साखर वाढवली. हे पंधरा-सतरा दिवस चाललं. मी जेवढी वाळत गेले, तेवढी खीर गोड होत गेली. खिरीवर संशय मला आला नाही, त्यांनाही आला नाही. आम्हाला दोघींना वाटायचं, ही कापलेल्या पोटाचीच कळा आहे.

महिन्याने तपासायला गेलो. डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, मला उतरवलं आणि पुन्हा चढवलं. मग ह्यांना विचारलं, "यांना खायला काय देता?"

हे अभिमानाने म्हणाले, "रोज साबुदाण्याची खीर. आई स्वतः करते."

"आणि घाम आला की?"

"साखरपाणी."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पोट लहान झाल्यावर गोड पदार्थ थेट आतड्यात जाऊन कोसळतो, त्यानेच हे सगळं होतं, असं त्यांनी समजावलं. मग मला म्हणाले, "बाई, आणखी वजन गेलं तर तुमच्या अंगात उरणार काय? मग मी काही करू शकणार नाही." एवढ्या सरळ शब्दांत माझं मरण मला कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनी खिशातून तो कागद काढला. घडीवर फाटला होता. त्यावर पहिलीच ओळ साखरेची होती.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्या सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. हात थांबला.

"म्हंजे मीच तुला मारत व्हते?" त्या म्हणाल्या. मी नाही नाही म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझं पोट आपल्या ताब्यात घेतलं. त्यांना घड्याळ कळत नव्हतं, पण गाड्या कळत होत्या. घाट चढायला जवळच्या कर्जत स्टेशनात गाडीला मागून इंजिन लावतात, त्या शिट्ट्यांवर त्यांनी माझ्या सहा वेळा बसवल्या. अकराच्या गाडीला जुन्या तांदळाचा मऊ भात, रवीने घोटलेला, वर बिनफोडणीचं वरण. कधी सोललेले वाल शिजवून कुस्करून, कधी अंडं. समोर बसून माझ्या तोंडाकडे बघायच्या. "चाव गं. अजून चाव. गिळू नको." सगळं मागच्या पडवीत, सासऱ्यांच्या नजरेआड. माझ्या अंगावर मांस चढायला लागलं.

मग नवं खायचा दिवस आला. नव्या तांदळाचा नैवेद्य देवाला दाखवल्याशिवाय त्या दिवशी घरात कुणी अन्नाला शिवत नाही. सासरे त्या दिवशी शेतावर गेले नव्हते, ओटीवर सोवळ्यात बसले होते. अकराची शिट्टी झाली. मी मनात म्हटलं, आजचा दिवस राहू दे. सासूबाई वाटी घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली.

सासरे उठून उभेच राहिले. "घरात नवं हाय! देवाच्या आधी सुनेनं तोंड उष्टं करायचं?"

"देवाचं पोट कुणी कापलंय का?" सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्यासमोर त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता, बहुधा सासऱ्यांनीही नाही. ते खाली बसले. सगळे बघत असताना मी ती वाटी संपवली. घास नीट उतरला.

तीन वाजून गेल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. माझी ही दिवसातली तिसरी वाटी, त्यांचा पहिला घास. इतकी वर्षं शेजारी जेवत होते, पण त्यांच्या ताटाकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. टोपाच्या बुडाची खरवड, वर आमटीचं पाणी. चार घासांत त्यांनी हात आखडला. नव्याच्या दिवशी, घर भरून भात शिजलेला असताना!

"आत्याबाई, घ्या की अजून," मी म्हटलं.

"नाय जात गं. माझं बी पोट तुझ्याएवढंच हाय. लगीन होऊन आले तवापासून लहान होत गेलं. डाक्तर नाय लागला."

त्या हे हसत बोलल्या आणि ताट घेऊन मोरीकडे गेल्या. मला घाम फुटला, खिरीने फुटायचा तसा. मी एक महिना उपाशी राहिले तर मुंबईच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला होता. आणि ही बाई चाळीस वर्षं, माझ्या आधीपासून, आणि आता माझ्या डोळ्यांदेखत!

दुसऱ्या दिवशी अकराच्या शिट्टीला मी दोन वाट्या भरल्या आणि एक त्यांच्यापुढे ठेवली.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमची."

त्यांनी हात पुढे केला, वाटी उचलली, त्यावर ताटली झाकली. "ह्यांना यायला येळ हाय अजून," त्या म्हणाल्या, "तवर गरम राहील," आणि सासऱ्यांसाठी ती चुलीच्या वैलावर नेऊन ठेवली.