वाया जाणारी वाफ

कोळसेकाकांचा जन्म आगीसमोर गेला. जुन्या वीजकेंद्रात ते बॉयलरवर होते. झरोक्यातून ज्वाळेकडे नुसतं बघायचे आणि सांगायचे, ‘आज कोळसा ओला आलाय.’ ते केंद्र बंद पडलं आणि काकांची रवानगी गॅसवरच्या नव्या केंद्रात झाली. इथं त्यांची पंचाईतच झाली, कारण इथल्या बॉयलरमध्ये आगच नव्हती! आधी गॅस जाळून एक टर्बाइन फिरवायचं, त्यातून सुटलेली तापलेली हवा बॉयलरमध्ये घ्यायची, तिच्यावर पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर दुसरं टर्बाइन फिरवायचं. गॅस एकदाच जळणार, वीज दोनदा मिळणार.

“म्हणजे चुलीवरचं भांडं उतरवलं की उरलेल्या धगीवर आंघोळीचं पाणी ठेवायचं, तसंच की!” काका म्हणाले. त्यांची मुलगी हसली. ती त्याच केंद्रात नियंत्रण कक्षातल्या पॅनलवर शिफ्ट इंजिनिअर होती. कामावर ती त्यांना सगळ्यांसारखं ‘काका’ म्हणे आणि काका तिला ‘मॅडम’ म्हणत; म्हणताना त्यांची छाती फुगे.

त्या सकाळी केंद्र सुरू होत होतं. थंड पाइपात वाफ शिरली की तिचं पाणी होतं. ते निघून जावं म्हणून पाइप तापेपर्यंत खालचे निचऱ्याचे व्हॉल्व्ह उघडे ठेवायचे असतात. काकांनी ते उघडले. फुसफुसत वाफ बाहेर पडू लागली आणि काकांचा जीव खालीवर होऊ लागला. जन्मभर वाफ जपलेला माणूस. चांगली वाफ अशी फुकट जाताना त्यांना बघवेना. त्यांनी व्हॉल्व्ह बंद केले.

“काका, निचरा चालू आहे ना?” मुलीनं रेडिओवर विचारलं.

“हो मॅडम, चालू आहे.” पाइप तापलाच असेल, उगाच बोलणी कशाला खा, असं त्यांच्या मनात आलं.

तिनं टर्बाइनकडे पूर्ण जोरानं वाफ सोडली. पाइपात साचलेलं पाणी वाफेच्या जोरानं वळणावर जाऊन आदळलं. हादऱ्यानं सगळी इमारत थरथरली आणि पाइप आधारावरून उखडला. पुढे कित्येक दिवस वाफेचं टर्बाइन बंद राहिलं. पहिल्या टर्बाइनची सगळी धग धुराड्यातून सरळ आभाळात जात राहिली. चिमूटभर वाफ वाचवायला गेलेल्या काकांना मान वर करून तिकडे बघवत नव्हतं.

चौकशीत मोठ्या साहेबांनी विचारलं, “निचरा कोणी बंद केला?”

निवृत्ती तोंडावर आलेली. काकांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी मुलगी म्हणाली, “मीच सांगितलं होतं, सर. घाई केली.” काका फरशीकडे बघत बसून राहिले.

तिला पॅनलवरून काढून कार्यालयात बसवलं. घरी जेवताना बायकोच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. “एवढं शिकवलं ते याच्यासाठी? जरा वडलांकडे बघ! इतकी वर्षं नोकरी केली, आहे का एक तरी डाग?” काकांना ठसका लागला. इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. मुलीनं मुकाट्यानं त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

दुसऱ्या दिवशी काका साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. “साहेब, व्हॉल्व्ह मी बंद केले. तिला पत्ताही नव्हता.”

“माहीत आहे,” साहेब म्हणाले. “रेडिओवरचं बोलणं रेकॉर्ड होतं. चौकशीआधीच ऐकलंय मी.”

“मग तिला का काढलंत?”

“पाइप उखडला म्हणून नाही काढलं. माझ्यासमोर खोटं बोलली म्हणून काढलं. पॅनलवरच्या माणसाचा शब्द मला डोळे मिटून मानता आला पाहिजे, काका. तुमचं काय करायचं ते बघू. पण तिची जागा आता लगेच परत देता येणार नाही.”

घरी बायकोनं पुन्हा तोंड उघडलं, तसं काकांनी तिला थांबवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बायको एकदा त्यांच्याकडे, एकदा मुलीकडे बघत राहिली.

“साहेबांनी विचारल्यावर मी थांबले होते, बाबा,” मुलगी हळू आवाजात म्हणाली. “वाटलं होतं, तुम्ही बोलाल.”