न आलेल्यासाठी एक शब्द

औषधाची पुडी रोग्याच्या तळहातावर ठेवायची, त्याची बोटं आपल्या हातांनी मिटवायची आणि हळूच म्हणायचं, "ओखाला." आलापल्लीजवळच्या आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंची ही रीत. त्या स्पेनहून आल्या होत्या. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, मी जंगल खात्याच्या चाळीतली सून होते.

त्या शब्दातला 'ख' घशाच्या तळातून यायचा. सासूबाईंना वाटलं, बाईंचा घसा धरलाय. त्यांनी जंगलातला मध नेऊन दिला. बाईंनी तो आनंदाने चाटला आणि पुन्हा म्हणाल्या, "ओखाला." सासूबाई मला म्हणाल्या, "हिले गुण याले वेळ लागन."

मला मात्र त्या शब्दाचा नाद लागला. दुपारी मोहाचा वास दाटून यायचा, सागाची वाळकी पानं आपसूक गळत राहायची, डोळे पेंगायचे आणि दवाखान्याच्या ओसरीवरून तो शब्द कानी पडायचा. ताप उतरायचा असला की ओखाला. टपाल यायचं असलं की ओखाला. अहो, चुलीवरचा भात मऊ व्हायचा असला तरी ओखाला! झालेल्या गोष्टीला मात्र कधीच नाही. तुम्ही असता तर तुम्हीही माझ्यासारखेच कान देऊन बसला असता. अर्थ विचारला की बाई हात उडवून हसायच्या. तेवढं मराठी त्यांच्याजवळ नव्हतं.

माझी दोन बाळं जन्मून आठवड्याच्या आत गेली होती. तिसऱ्या वेळी सगळे म्हणायचे, "हे जगनच." मी बाईंना विचारलं, "जगन ना हो?"

"ओखाला," त्या म्हणाल्या.

मला राग आला. होय म्हणायला काय जात होतं त्यांचं?

मग त्यांनी भलताच घोटाळा केला. पिवळ्या कापडाचं झबलं शिवून घेऊन आल्या. आमच्याकडे बाळ जन्मल्याशिवाय त्याच्यासाठी सुईला हात लावत नाहीत. सासूबाईंचा चेहरा उतरला. "काऊन शिवलं, बाई? अजून आलं नाई ना ते!"

बाईंना ते उमगायला वेळ लागला. उमगलं तेव्हा त्या तिथेच बसल्या आणि एकेक टाका उसवत गेल्या. सुटं कापड माझ्या मांडीवर ठेवून त्यांनी माझी बोटं त्यावर मिटवली. "ओखाला," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला अर्थ लागला. जे अजून आलं नाही ते आपलं म्हणायचं नाही, पण ते यावं म्हणून मनापासून तळमळायचं. आम्ही त्यासाठी सुई बाजूला ठेवत होतो, त्यांच्याकडे शब्द होता. माझा राग गेला.

मुलगी झाली. बाळंतपण बाईंनीच केलं. पोर रडेना. बाई तिची पाठ चोळत होत्या, ओठ हलत होते. शेवटी ती रडली आणि बाईंचे ओठ थांबले. "आली," त्या मराठीत म्हणाल्या.

मुलगी रांगायला लागली तेव्हा बाईंना मायदेशी बोलावणं आलं. मोटारीपाशी मी विचारलं, "वापस येसान ना?"

त्यांनी मुलीची बोटं आपल्या मुठीत घेतली. "मले नाई वाटत," त्या आमच्याच बोलीत म्हणाल्या.

खोटं बोलणं त्यांना जमलंच नाही. मला रडू आलं. मग मीच म्हटलं, "ओखाला." तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारत होते. त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

त्या आल्या नाहीत. मी मात्र कितीतरी दिवस, रस्त्यावर मोटार वाजली की मुलीला कडेवर घेऊन दारात येऊन उभी राहत असे.